कॅन्सरच्या परिषदा भरवणाऱ्या डॉक्टर मंडळींना, मागच्या टेबलवरच्या साऊंडवाल्याचं पत्र

डॉक्टर मंडळी, संशोधक मंडळी आणि आयोजन समितीतले सगळेजण, नमस्कार.

तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखत नाही पण आवाजानं ओळखत असाल, सकाळी साडेआठला रिकाम्या हॉलमध्ये "हॅलो चेक, माइक चेक" करणारा तो मी. सांगलीत साऊंड, प्रोजेक्टर आणि एलईडी वॉल भाड्यानं द्यायचा माझा धंदा आहे, वीसेक वर्षं झाली. लग्नं, बारशी, गणपती, प्रचारसभा सगळं करतो पण मिरज शेजारीच असल्यामुळं डॉक्टर लोकांची कामं आमच्याकडं जरा जास्तच असतात, सांगली, मिरज, कधी कराड, कधी कोल्हापूर, दोनदा पुण्यालाही गेलोय. त्यातली कॅन्सरची परिषद असली की मी दुसरं काम सोडून येतो, भाडं कमी ठरलं तरी येतो. का येतो ते पुढं येईलच.

माझी जागा हॉलच्या अगदी मागं. तिथनं स्टेज बारीक दिसतं पण ऐकायला सगळ्यात चांगलं मलाच येतं कारण हेडफोन माझ्या कानाला असतो. पोडियमवर यायच्या आधी तुम्ही शेजारच्याशी काय कुजबुजता तेसुद्धा ऐकू येतं, कॉलर माइक चालू असतो हे निम्मे लोक विसरतात. घाबरू नका, ते इथं लिहिणार नाही.

आधी घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे हमाल. पोत्याला हात लावायच्या आधी तंबाखूचा बार भरायचा, चुना लावून मळायचा आणि डाव्या गालात धरायचा, हे पस्तीस-चाळीस वर्षं. २०१७ च्या सुरुवातीला त्या गालात आतनं पांढरा चट्टा आला, मग जखम, मग तोंड उघडेना. आधी तीन बोटं जायची तोंडात, मग दोन, मग दीड. भाकरीचा तुकडा मोडून आडवा सरकवायला लागायचा. एका दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल दिलं, दोन महिने त्यातच गेले. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि खुर्चीतनं उठायच्या आतच सांगितलं, बायोप्सी करा. केली. कॅन्सर निघाला.

मग मुंबई. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपरचं तिकीट रेल्वे फुकट देते, फक्त फॉर्मवर डॉक्टरची सही लागते, हे आम्हाला कळलं तिसऱ्या फेरीला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई. सोबत रिपोर्टची फाइल आणि काचेच्या दोन पट्ट्या, त्याला स्लाइड म्हणतात. तोपर्यंत स्लाइड म्हणजे माझ्या हिशोबानं पडद्यावर पडते ती. ह्या स्लाइडवर आण्णांच्या गालाचा कागदाहून पातळ काप होता, गुलाबी-जांभळा डाग दिसतो नुसता. फुटू नये म्हणून आण्णांनी स्वतःच्या चष्म्याच्या डबीत रुमालात गुंडाळून ठेवल्या, डबी उशाखाली आणि चष्मा शर्टाच्या खिशात, कल्याण यायच्या आत चष्म्याची काडी मोडली.

मुंबईतल्या हॉस्पिटलात म्हणाले नुसत्या स्लाइडवर भागणार नाही, ब्लॉक आणा. ब्लॉक काय असतो ते तेव्हा कळलं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, प्लॅस्टिकच्या जाळीच्या डबीवर, साबणाची चिपळी उरते तेवढा असतो तो, आणि त्यातनं हवे तेव्हा नवीन काप काढून परत तपासता येतं. परत सांगली. लॅब म्हणाली ब्लॉक हॉस्पिटलला दिलाय. हॉस्पिटल म्हणालं लॅबकडंच आहे. लॅबवाला परत म्हणाला रजिस्टर बघतो, ज्याच्याकडं रजिस्टर तो माणूस गावाला गेलेला. असे १९ दिवस. लॅबचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझं भांडण मिटलंय आणि एकाचं नाव घेऊन उपयोग पण नाही. शेवटी मुंबईत दुसऱ्यांदा बायोप्सी केली, दीड बोट उघडणाऱ्या तोंडातनं. आण्णा ओरडले नाहीत, माझा हात धरला होता फक्त. हमालाची पकड आहे, माझं मनगट दोन दिवस दुखत होतं.

ऑपरेशन झालं. गालाचा भाग काढला आणि मानेलाही कानापासनं खाली लांब चीर. आता मानेत गाठ नव्हती, हाताला लागत नव्हती, सोनोग्राफीत दिसत नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आण्णा मला म्हणाले, "आरं गालाचं दुखणं हाय तर मान कशाला कापत्यात, कोंबडी हाय व्हय मी?" मी डॉक्टरांशी वाद घातला. ते घाईत होते, म्हणाले, "आता असंच करतात, काळजी करू नका." झालं. त्या ऑपरेशननंतर आण्णांचा डावा खांदा खाली आला, हात खांद्याच्या वर जात नाही. पोत्याचं काम तिथंच सुटलं. आणि मी त्या डॉक्टरांना दीड वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

उत्तर मिळालं ते तुमच्या एका परिषदेत, मिक्सरवर बसल्या बसल्या. पोडियमवरचे सर्जन सांगत होते की तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ लागत नसेल तर मानेतल्या बारीक ग्रंथी, जिथं कॅन्सर पसरू शकतो, त्या आधीच काढायच्या की गाठ दिसेपर्यंत थांबायचं यावर जगभर वर्षानुवर्षं वाद होता, आणि तो निकालात काढला आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमनं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पेशंटचे दोन गट पाडले, एका गटात मान आधीच साफ केली, दुसऱ्यात गाठ येईपर्यंत थांबले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. २०१५ मध्ये शिकागोला ॲस्कोच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेच्या, परिषदेत मुख्य सत्रात हे मांडलं आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. शंभरामागं बारा-तेरा माणसं जास्त जगली. आमच्या चाळीत एवढेच हमाल राहतात सगळे मिळून.

म्हणजे ज्या डॉक्टरांशी मी भांडलो ते बरोबर होते. शिकागोतल्या एका हॉलमध्ये जे सांगितलं गेलं ते दोन वर्षांत आण्णांच्या मानेपर्यंत आलं होतं. संध्याकाळी घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते म्हणाले, "मग हे तवाच सांगायचं की त्यानं, मी उगा तळतळाट घेतला."

तेव्हापासनं मी तुमच्या परिषदा ऐकतो. नुसता आवाज बघत नाही, ऐकतो. पुढं जे लिहिणार आहे ते परिषदा बंद करा म्हणून नाही, उलट माझं पोट पण त्यावर आहे, हे आधी लक्षात घ्या.

तर त्याच परिषदेत दुपारी जेवणाच्या हॉलमधल्या स्पीकरची शिट्टी वाजायला लागली म्हणून मी गेलो. आणि बघतो तर एका गोल टेबलवर, शेजारी शेजारी, आमच्या त्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट आणि मुंबईच्या त्या हॉस्पिटलातले डॉक्टर. एकमेकांच्या ताटातली जिलेबी खात होते. कॉलेजात एका बॅचचे निघाले, अरे-तुरेतली मैत्री. मी स्टुलावर चढून वायर हलवत होतो आणि डोक्यात एकच, की हे दोघं एका फोनवर भेटतात आणि मी १९ दिवस ह्यांच्या दोन दारांमध्ये पळत होतो. फोन कोणी केला नाही कारण करायचाच असतो असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तुम्ही भेटता हो, तुमची हॉस्पिटलं भेटत नाहीत. हेच सांगायला पत्र लिहितोय, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभोवतीचं.

आता टाइमर मी लावतो म्हणून मला माहिती आहे ते सांगतो. उद्घाटन साडेनऊचं छापलेलं असतं. पाहुणे येईपर्यंत दहा. दीपप्रज्वलन (पंखा बंद करा, वात विझते), स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ, रोपटं, स्मरणिकेचं प्रकाशन, फीत दातानं सुटते, फोटो. सव्वाअकरा वाजतात. मग ज्या माणसाला वीस मिनिटं दिलेली त्याला बारा मिनिटं मिळतात, तो ४० स्लाइड घेऊन आलेला असतो, त्या मागं पळत्या गाडीतनं झाडं दिसावीत तशा दिसतात. आणि अध्यक्ष म्हणतात, वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळेत विचारावेत. श्रोत्यांसाठी दोन कॉर्डलेस माइक तुम्ही माझ्याकडनं भाड्यानं घेता, त्यातल्या बॅटऱ्या मी दुसऱ्या दिवशी लग्नात वापरतो, एवढ्या शिल्लक असतात. सत्कार नको म्हणत नाही, आपल्याकडं शाल दिल्याशिवाय माणसाला आल्यासारखं वाटत नाही, पण प्रश्नाची वेळ खाऊन सत्कार हे जरा जास्तच होतं.

घरी जाऊन वाचायची सवय लागलीय आता, मुलगी इंग्रजीतलं वाचून सांगते. अमेरिकेतली ती एएसीआर म्हणून मोठी संस्था, कॅन्सर संशोधनातली जुनी, ती १९०७ मध्ये ११ जणांनी बसून काढली. आणि ॲस्को, जिच्या परिषदेला आता ४० हजारांच्या घरात लोक जातात, ती १९६४ मध्ये शिकागोतल्या एका हॉटेलात दुपारच्या जेवणाला जमलेल्या सात डॉक्टरांनी सुरू केली. जेवणाचं टेबल बघा परत. एलईडी वॉल नाही, साऊंडवाला नाही. सात माणसांना माइक लागतोय कशाला.

आणि इतक्या लांब कशाला, आपल्या सांगलीहून पंढरपूरवरनं पुढं गेलं की बार्शी. तिथं १९८७ पासनं खेड्यातल्या कॅन्सरची नोंदवही चालू आहे, खेड्यापाड्यातली देशातली पहिली. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत ह्या लोकांचं काम. बार्शी, परांडा, भूम ह्या तालुक्यांतली ३४६ गावं घेतली. शहरात नोंदवही करायची तर हॉस्पिटलांत जाऊन केसपेपर बघितले की झालं, खेड्यातला माणूस हॉस्पिटलात जातच नाही तर केसपेपर कुठनं येणार, म्हणून ह्यांची माणसं गावोगाव फिरली, पारावर बसली, अंगावरनं जातं का, गिळताना अडकतं का, गाठ आहे का असं विचारत, आणि संशय आला तर गाडीत घालून तपासायला आणलं. हे मी एका भाषणात ऐकलं तेव्हा ते सर म्हणाले की आधी तिथल्या बायका गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायलाच तयार नव्हत्या. साहजिक आहे, आमच्या घरात अजून बोलत नाहीत.

त्या नोंदवहीच्या जोरावर पुढं काय झालं तर फ्रान्समधल्या लिऑनची आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था), मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल अशा तिघांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा ह्याच गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी अभ्यास केला. गावांचे ५२ गट, कुठं एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची), कुठं पॅप (तिथल्या पेशी पुसून घेऊन तपासणं), कुठं गर्भाशयाच्या तोंडाला नुसतं व्हिनेगर लावून बघणं, आणि एका गटात नेहमीसारखं. २००९ ला निकाल आला, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की तपासणीला पहिल्यांदा एचपीव्ही टेस्टच वापरा, त्यामागं जे पुरावे होते त्यात ही आपली गावं आहेत. नेहमीसारख्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही यावर नंतर बरीच टीका पण झाली आणि ती टीका मला पटते, डॉक्टर मंडळींना ती परिषदेत काढलेली आवडत नाही हेही दिसतं, लगेच पुढची स्लाइड.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतलं पण असंच. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडनं व्हिनेगरची तपासणी करून घेतली, दीड लाख बायकांचा अभ्यास, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ ला शिकागोत मुख्य सत्रात सांगितलं. चटणी-लोणच्यातलं व्हिनेगर हो, त्याच्यासाठी जगातले मोठमोठे डॉक्टर टाळ्या वाजवत होते.

माझा प्रश्न एवढाच आहे की लिऑन आणि मुंबई आणि बार्शी एकत्र आले ते बरोबर, पण दारोदार फिरलेली ती बाई, जिनं दुसरीला पदर डोक्यावर घेऊन का होईना तपासायला आणलं, तिला मी आजपर्यंत एकाही परिषदेत स्टेजवर सोडा, हॉलमध्ये पण बघितलेलं नाही. आशाताई बघितल्यात, रजिस्ट्रेशनच्या टेबलवर पिशव्या वाटताना. लॅबचा टेक्निशियन, जो तो मेणाचा ठोकळा करतो आणि ज्याला माहिती असतं की ब्लॉक कुठल्या खणात आहे, तो तर अजिबात नसतो. माझे १९ दिवस ज्या माणसाच्या रजिस्टरमध्ये अडकले होते त्याला तुमच्या परिषदेचा पासच मिळत नाही.

आणि ते ठोकळे, ते तुकडे म्हणजे काय साधी गोष्ट नाही. जगातल्या देशांनी २००८ मध्ये कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढायला एकत्र यायचं ठरवलं, देशांनी कॅन्सर वाटून घेतले, तेव्हा भारतानं गालाचा आणि हिरडीचा घेतला. आपल्या वाट्याला दुसरा येणार तरी कुठला, जिथं चुना-तंबाखू धरतात तीच जागा. खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, आणि बंगालमधल्या कल्याणीची संस्था यांनी ते काम केलं, २०१३ ला पहिला मोठा निकाल छापला. आमच्या आण्णांसारख्या माणसांच्या गालाचे तुकडे आहेत ते. त्या भाषणाला पडद्यावर रंगीत चौकोनांचा तक्ता होता, एकेक उभी पट्टी म्हणजे एकेक पेशंट असं सर म्हणाले, आणि मी फोकस नीट करायच्या निमित्तानं पडद्याजवळ जाऊन बघून आलो.

आता हरिपूर. सांगलीतल्या लोकांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी लिहितो, कृष्णेच्या काठी हरिपूरला जमिनीत पेवं होती, खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं किडा लागायचा नाही. आण्णा तरुणपणी पेवात उतरलेत, उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवं गेली, आतल्या मालासकट. तुमची माहिती अशीच पेवात असते असं मला वाटतं. प्रत्येक हॉस्पिटलचं पेव वेगळं, तोंडावर माती लिंपलेली, आत सोनं आहे म्हणून सगळे सांगतात, उघडून दाखवत कोणी नाही, आणि एक दिवस हार्डडिस्क जाते नाहीतर रजिस्टर सांभाळणारा रिटायर होतो.

यार्डातलंच अजून एक. जुन्या काळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा, दलाल आणि व्यापारी बोटं धरून भाव ठरवायचे, शेतकरी शेजारी उभा राहून रुमाल बघायचा. आता उघडा लिलाव असतो, सगळ्यांच्या समोर. उघडं केल्यावर काय होतं याचं तुमच्यातलंच उदाहरण आहे की. २०१२ ला सुरू झालेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड, टाटाच्या पुढाकारानं, आता तीनशेच्या वर हॉस्पिटलं त्यात. त्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधं एकत्र मिळून खरेदी करायची ठरवली, सगळ्यांची मागणी एका कागदावर, आणि ८० टक्क्यांच्या वर पैसे वाचले. हेच आधी प्रत्येकजण आपापल्या रुमालाखाली करत होता. त्याच ग्रिडमध्ये ऑनलाइन ट्यूमर बोर्ड पण चालतो, लांबच्या गावातला डॉक्टर अवघड केस मांडतो आणि बाकीचे मत देतात. हे सगळं मी तुमच्याच भाषणात ऐकलं. पण भाषण संपल्यावर हॉलमधल्या किती जणांनी जाऊन विचारलं की आमच्या हॉस्पिटलला कसं घेता? दोन. मी मोजले, माझ्या टेबलवरनं दार दिसतं.

एक गोष्ट राहिली, ती मला लिहायला जड जातेय.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या परिषदेत "कॅन्सरवर मात केलेले" म्हणून चार पेशंटचा सत्कार होता. त्यातले एक मिरज तालुक्यातले हळदीचे शेतकरी, सत्तरीचे, धोतर, पांढरी टोपी, आवाज बसका कारण घशाचं ऑपरेशन. शाल घातली, फोटो झाला, आणि त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. म्हणाले, "मला एक इचारायचंय. मी जल्मभर हळद पिकवली, रोज हळद खाल्ली, आणि मोबाइलवर सगळी सांगत्यात की हळदीनं कॅन्सर हुईत न्हाई. मग मला कसा झाला?"

हॉल हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून हात खाली केला, म्हणजे आवाज कमी करा. आणि मी फेडर खाली ओढला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्या दिवशी सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता, आणि तो मी बंद केला.

चहाच्या वेळी मात्र एक मुलगी, पीएचडी करणारी असावी, गळ्यात विद्यार्थ्यांचा हिरवा बॅज, ती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि समजावून सांगायला लागली. मी स्पीकरचं निमित्त करून जवळच उभा. ती म्हणाली आजोबा, हळदीत शंभर ग्रॅमला दोन-चार ग्रॅम ते कर्क्युमिन असतं, काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशींवर टाकलं तर पेशी मरतात हे खरं, पण पोटातनं ते रक्तात जवळजवळ जातच नाही, माणसांवर नीट अभ्यास केले तेव्हा कॅन्सर बरा होतो असं कुठं सिद्ध झालेलं नाही, आणि त्यावरचे काही गाजलेले संशोधनाचे पेपर तर नंतर मागं घ्यावे लागले. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आमची हळद खोटी न्हाई, सांगणारा खोटा." ती हसली. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या भागातल्या तिघांनी केमो अर्धी सोडून हळदीच्या गोळ्या चालू केल्यात, एक तर चाळिशीतली बाई. मुलीचं हसू गेलं. कुठल्या गावची, कधी सोडली, गोळ्या कोण विकतं, तिनं बॅज उलटा करून त्याच्या मागं लिहून घेतलं, नंबर घेतला.

सांगा आता, त्या दोन दिवसांत शिकण्यासारखं कुठं काय झालं ते. खुर्चीशेजारी, चहाच्या कपांमध्ये, दहा मिनिटांत. आणि ते कुठल्याच अहवालात नसणार, कारण ते माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाही, माइक बंद होता.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. अर्धा दिवस द्या. दोन दिवसांची परिषद असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्टेज नको, पोडियम नको, जेवणाची गोल टेबलंच मांडा. एका टेबलवर आमच्याकडचा पॅथॉलॉजिस्ट, त्याचा टेक्निशियन, मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलातला सर्जन, केमो देणारे डॉक्टर, नोंदवही लिहिणारा क्लार्क, एक आशाताई आणि एखादा पेशंट नाहीतर घरचा माणूस. आणि खऱ्या केस घेऊन बसा, झालेल्या, अडकलेल्या. ब्लॉक मागितला तर किती दिवसांत द्यायचा, कोणी द्यायचा, कुरिअरनं की पेशंटच्या चष्म्याच्या डबीतनं, फोन कोणाला करायचा, तो माणूस गावाला गेला तर दुसरा कोण, हे टेबल सोडायच्या आत एका कागदावर लिहा, नंबरासकट. केमो अर्ध्यावर सोडून गेलेल्याला शोधायला कोण जाणार हेही लिहा, आशाताईला त्या घरचं दार माहिती असतं. आणि पुढच्या वर्षीच्या परिषदेत पहिली स्लाइड तीच लावा, गेल्या वर्षी काय ठरलं आणि त्यातलं किती झालं. दीपप्रज्वलनाच्या आधी. झालं नसेल तर झालं नाही म्हणा, हॉलमध्ये सगळे आपलेच असतात.

संशोधनाचं सहकार्य म्हणजे फार मोठी गोष्ट असते आणि साऊंडवाल्याला त्यातलं काय कळतं असं कोणाला वाटेल, वाटू दे. पण लिऑनवाल्यांना बार्शी लागलीच ना. ज्या गावातला ब्लॉक १९ दिवस सापडत नाही त्या गावातनं उद्या तुम्हाला अभ्यासाला पेशंट कसे मिळणार आणि मिळाले तर तीन वर्षांनी ते जिवंत आहेत का हे कोण सांगणार. आण्णांना आजपर्यंत कोणी फोन करून विचारलेलं नाही.

ते ठीक आहेत, विचारलं नसलं तरी सांगतो. डावा हात वर जात नाही पण माझ्याबरोबर कामाला येतात, खुर्चीत बसून उजव्या हातानं केबल गुंडाळतात, आठाच्या आकड्यात, माझ्यापेक्षा चांगली. तंबाखू सुटली, यार्डातले जुने हमाल भेटले की त्यांच्या तोंडात बोटं घालायला लावतात, तीन जात्यात का बघ म्हणून, आणि दोघांना स्वतः घेऊन गेलेत तपासायला.

तुम्ही तो अर्धा दिवस ठेवलात तर त्या सत्राचं भाडं मी घेणार नाही. चार कॉर्डलेस माइक देतो, बॅटऱ्या नवीन, आणि एकही माइक मी स्वतःहून बंद करणार नाही, अध्यक्षांनी कितीही हात खाली केला तरी. फक्त जेवणाचं एक कूपन जास्तीचं लागेल, आण्णांसाठी. त्यांना भात आणि पातळ आमटी चालते, बाकीचं चावत नाही.

आपला,
मागच्या टेबलवरचा साऊंडवाला,
सांगली